तिची गवाही आणि आपला तराजू

बलात्काराच्या खटल्यात न्यायालय आरोपीची तपासणी करते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात पिंजऱ्यात उभी राहते ती फिर्याद करणारी बाई, आणि तपासली जाते तीही तीच. त्या वेळी ती तिथे कशाला गेली होती? ओरडली का नाही? अंगावर ओरखडा कसा नाही? पोलिसांत जायला इतका उशीर का? याआधी तिचे कुणाशी संबंध होते काय? घरफोडीची फिर्याद घेऊन आलेल्या दुकानदाराला कुणी विचारत नाही की बाबा, तू यापूर्वी कुणाला आपणहून पैसे दिले होतेस काय. दिले असतील तर ही चोरी कशावरून? बाईला मात्र हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याला पुरावा म्हणतात.

हा प्रश्न मी नागपूरच्या संदर्भात मांडतो आहे, आणि त्याला कारण आहे. बाईच्या साक्षीला वजन किती द्यायचे याविषयी या देशात जो वाद झाला, त्यातले मोठे खटले मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून गेले. त्यातला एक तर आपल्याच समाजातल्या मुलीचा आहे. कायद्याच्या वर्गात तो शिकवला जातो. मोमिनपुऱ्यात, हसनबागेत, टेक्यावर किती जणांनी त्याचे नाव ऐकले आहे?

ऑगस्ट १९८१ ची गोष्ट. नुकताच निकाह झालेले एक मुस्लिम जोडपे नागपुरातल्या एका लॉजमध्ये उतरले होते. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची. मध्यरात्रीनंतर एक पोलीस उपनिरीक्षक शिपायांना घेऊन खोलीवर आला. आमचा निकाह झाला आहे, असे त्या दोघांनी सांगितले. साहेबांचा विश्वास बसला नाही. दोघांना ठाण्यात नेले, एकमेकांपासून वेगळे केले. नवऱ्यावर मुंबई पोलीस कायद्याखाली गुन्हा लावून त्याला कोठडीत टाकले. एकट्या पडलेल्या मुलीवर त्याच उपनिरीक्षकाने लॉजच्या खोलीत बलात्कार केला. सत्र न्यायालयाने त्याला दोषी धरले. नागपूर खंडपीठाने सोडून दिले. मुलीच्या साक्षीत विसंगती आहेत आणि तिला पुरेसा दुजोरा नाही, असे खंडपीठाला वाटले. राज्य सरकार अपिलात गेले, आणि १८ जानेवारी १९९० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून त्या अधिकाऱ्याला पुन्हा दोषी ठरवले. खटल्याचे नाव महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रप्रकाश केवलचंद जैन. मुलीचे नाव मी लिहीत नाही. कायद्याची तशी मनाई आहे, आणि कायदा नसता तरी लिहिले नसते. पुढे जी एक-दोन नावे येतील ती आता खटल्यांचीच नावे होऊन बसली आहेत, म्हणून येतील.

निकाल न्यायमूर्ती ए. एम. अहमदी यांनी लिहिला. त्यांच्यासोबत बसल्या होत्या न्यायमूर्ती फातिमा बीवी, सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. त्यांना पद मिळून तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. न्यायमूर्तींचा धर्म मोजण्याची मला हौस नाही. पण ज्यांना वाटते की बाईच्या हक्काची भाषा बाहेरून आपल्यावर लादली जाते, त्यांनी ही दोन नावे ध्यानात ठेवावीत.

निकालात काय आहे ते साध्या भाषेत सांगतो. गुन्ह्यात सामील असलेला माणूस माफीचा साक्षीदार होतो, तेव्हा त्याच्या बोलण्याकडे न्यायालय संशयाने पाहते आणि इतर पुराव्यांचा दुजोरा मागते. आपल्या न्यायालयांनी वर्षानुवर्षे बलात्कारित बाईच्या साक्षीलाही जवळजवळ हाच नियम लावला. जणू तीही त्या कृत्यातली भागीदार! १९५१ साली रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी या नियमाची धार बोथट केली. बोस आपल्या नागपूरचेच. इथल्या उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते. दुजोरा मागणे हा कायद्याचा हुकूम नाही, सावधगिरीचा नियम आहे. परिस्थिती पाहून न्यायाधीशाला तो बाजूला ठेवता येतो, असे ते म्हणाले. अहमदींनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. ही बाई भागीदार नाही, ती गुन्ह्याचा बळी आहे. चाकूहल्ल्यात जखमी झालेला माणूस साक्ष देतो तेव्हा न्यायालय जितकी काळजी घेते तितकीच हिच्या बाबतीत घ्यावी, त्याहून जास्त नाही. पुरावा कायद्यात कुठेही लिहिलेले नाही की तिच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा देता येत नाही. खोटे गुंतवण्यामागे तिचा सबळ हेतू दिसत नसेल, तर न्यायालयाने सहसा कचरू नये.

आता त्या रात्रीकडे पुन्हा पाहा. त्या मुलीचा शब्द दोनदा नाकारला गेला. आपण मर्जीने निकाह केला, हा तिचा होकार पोलिसाने मानला नाही. आपल्यावर जबरदस्ती झाली, हा तिचा नकार उच्च न्यायालयाला पुरला नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. ज्या व्यवस्थेला बाईचा 'हो' ऐकू येत नाही, तिला तिचा 'नाही' ऐकू येणे कठीण. हे दोन बहिरेपण वेगवेगळे नाहीत.

याआधीचा खटलाही विदर्भातलाच. मथुरा, आदिवासी मुलगी, आईबाप नसलेली, मजुरीवर जगणारी. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, तिच्यावर पोलिसांनी अत्याचार केला. ती ठाण्यात कशी पोचली? ज्याच्याशी तिला लग्न करायचे होते त्याने तिला पळवून नेले, अशी तिच्या भावाने तक्रार केली होती म्हणून. म्हणजे इथेही आधी तिचा होकार खटल्यात आला. वैद्यकीय तपासणीत अंगावर जखम नाही, आणि कौमार्यभंग जुना आहे, असे नोंदले गेले. सत्र न्यायाधीशांनी १९७४ मध्ये तिला अट्टल खोटारडी ठरवले, तिला संबंधांची सवय होती असे मानले आणि दोघाही पोलिसांना सोडले. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीपोटी हतबल होऊन देह सोडून देणे म्हणजे संमती नव्हे, असे खंडपीठ म्हणाले. गणपत या शिपायाला पाच वर्षांची आणि तुकाराम या हेडकॉन्स्टेबलला विनयभंगाबद्दल एक वर्षाची सजा दिली. नागपूरने त्या दिवशी शहाणपण दाखवले होते. दिल्लीने ते पुसले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. जखम नाही, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे संमती होती. त्रैराशिक मांडावे तसा हिशेब मांडला गेला. बंद ठाणे, रात्रीची वेळ, समोर गणवेशातला माणूस आणि एक पोरसवदा मजूर मुलगी, यातले काहीच त्या हिशेबात आले नाही.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यातला फरक देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला कळू नये काय, असा त्या पत्राचा सवाल होता. त्यातून स्त्रियांची चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे बाईने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम पुरावा कायद्यात आले. मथुरेला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मागाहून आलेल्या मुलींना झाला.

त्याच काळात, मार्च १९७८ मध्ये, हैदराबादला रमीझा बी नावाची बाई नवऱ्यासोबत सिनेमा पाहून परतत होती. पोलिसांनी तिला नल्लाकुंटा ठाण्यात नेले. तिच्यावर बलात्कार झाला आणि नवरा अहमद हुसेन मारहाणीत मेला. शहर पेटले, गोळीबार झाला, न्यायमूर्ती मुक्तदर यांचा चौकशी आयोग बसला. आयोगासमोर पोलिसांचा बचाव काय होता? ती वेश्या आहे, तिचे किती निकाह झाले, हा निकाह तरी खरा काय! आयोगाने पोलिसांना दोषी धरले. खटला मात्र कर्नाटकातल्या रायचूरला हलवला गेला आणि १९८१ मध्ये सगळे सुटले. निकाहनामा हा बलात्काराचा पुरावा कधीपासून झाला? ज्या बाईचा निकाह चार काझींना मान्य होणार नाही तिच्यावर बलात्कार होऊ शकत नाही काय?

इथे माझे गाऱ्हाणे चांगल्या निकालांबद्दलही आहे. १९८३ मध्ये भरवाडा भोगिनभाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालय बाईच्या बाजूने बोलले. दुजोरा मागणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे, असा त्याचा आशय होता. पण कारण काय दिले? भारतीय स्त्री परंपरेत वाढलेली असते, ती आपल्या अब्रूला बट्टा लागेल असे खोटे सहसा बोलणार नाही. १९९० च्या नागपूरच्या निकालावरही याच विचाराची सावली आहे. ऐकायला हे गोड आहे. पण यातून बाईवर विश्वास बसतो तो तिच्या अब्रूमुळे. मग जिची अब्रू गावाने आधीच वाटून खाल्ली आहे तिचे काय? मथुरेचे काय? रमीझा बीचे काय? तलाकशुदा बाईचे, मुजऱ्याला बसणाऱ्या बाईचे काय? गवाही खरी की खोटी हे तिच्या बोलण्यावरून, परिस्थितीवरून, इतर पुराव्यावरून ठरावे. खानदानावरून ठरवायचे तर न्यायालयाची गरज नाही, मोहल्ल्यातला कट्टा पुरे.

कायद्याच्या पुस्तकात तर ही चारित्र्याची चौकशी २००२ च्या अखेरपर्यंत उघडउघड होती. १८७२ च्या पुरावा कायद्यात एक पोटकलम होते. बलात्काराच्या खटल्यात बाई सर्वसाधारणपणे अनैतिक वर्तनाची आहे असे दाखवून तिच्या साक्षीला धक्का देण्याची त्यात आरोपीला मुभा होती. एकशेतीस वर्षांनी ते काढले. २०१३ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. तिच्या पूर्वीच्या संबंधांचा संमतीच्या प्रश्नाशी काही संबंध नाही, असे कायद्यात आले. आणि केवळ अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हेही आले. दोन बोटांच्या तपासणीला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी बाईच्या हक्कांचा भंग म्हटले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर ती तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे बजावले. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्काराच्या वैद्यकीय तपासण्या किती निकृष्ट दर्जाच्या होतात याचा अहवाल तयार केला होता, आणि तो विषय याच नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेने गेला होता. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही हे नियम कायम आहेत.

कायदा बदलला, तरी डोक्यातला तराजू बदलतो काय? जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खटल्यात आरोपीला सोडले. एकट्या पुरुषाने मुलीचे तोंड दाबून, तिचे आणि आपले कपडे उतरवून, झटापटीशिवाय बलात्कार करणे अशक्य वाटते, असे निकालात म्हटले होते. वैद्यकीय अहवालात झटापटीच्या खुणा नव्हत्या. १९७८ चेच त्रैराशिक, २०१३ चा कायदा डोळ्यासमोर असताना! त्याच महिन्यात त्याच खंडपीठाने नागपूरच्या बारा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात म्हटले की कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सो कायद्यातला लैंगिक हल्ला ठरत नाही, अंगाला अंग लागले पाहिजे. देश हादरला. खुद्द ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द झाला. दोन्ही निकाल एका महिला न्यायाधीशांनी दिले होते. म्हणजे खुर्चीवर बाई बसवली की प्रश्न सुटतो, हा भ्रमही गेला.

आता एक रास्त शंका. आपल्यातले अनेकजण म्हणतील, एकटीच्या शब्दावर शिक्षा द्यायची तर आमच्या निरपराध पोरांचे काय? कुणी हिंदू मुलीशी बोलला तरी गुन्हा दाखल होतो. ही भीती मी उडवून लावत नाही. खोट्या गुन्ह्यांत आयुष्याची वर्षे गमावलेली मुस्लिम तरुण पोरे आपण पाहिली आहेत. संशयाचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे. तो नियम मोडला तर सर्वांत आधी मोडले जाऊ ते आपणच. सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी सांगितले आहे की एकटीच्या साक्षीवर शिक्षा द्यायची तर ती साक्ष अस्सल, उलटतपासणीत टिकणारी हवी, आणि बाई बोलली म्हणून ते वेदवाक्य होत नाही. मला हे पूर्ण मान्य आहे. साक्ष कसून तपासा. घटनाक्रम तपासा, फोन तपासा, हेतू तपासा. फक्त जखम, अब्रू आणि कौमार्य ही तीन खोटी वजने तराजूतून काढा. ती काढल्याने निरपराध आरोपीचे काहीही बिघडत नाही.

आणि ज्या खोट्या गुन्ह्यांची आपल्याला भीती वाटते, ते बहुतेक वेळा कसे उभे राहतात हे तरी पाहा. सज्ञान मुलगी सांगते, मी माझ्या मर्जीने गेले. बाप, संघटना आणि ठाणेदार म्हणतात, नाही, तुला फूस लावली. केरळच्या हादियाचे हेच झाले. चोवीस वर्षांची शिकलेली मुलगी, तिचा निकाह उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा शब्द मानला तेव्हा ती नवऱ्याकडे गेली. म्हणजे आपल्या पोरांना वाचवणारी गोष्टही बाईच्या शब्दाला वजन देणे हीच आहे. तिचा 'हो' ऐका असे म्हणायचे आणि तिचा 'नाही' आला की कानात बोळे घालायचे, हा दुटप्पीपणा आपल्याला परवडणारा नाही.

काही मौलवी लगेच चार साक्षीदारांचा मुद्दा काढतात. सूरह नूरमध्ये चार साक्षीदार कुणाला आणायला सांगितले आहेत? पाकदामन बायकांवर तोहमत लावणाऱ्यांना. आणले नाहीत तर ऐंशी फटके त्यांनाच. बाईच्या बदनामीला आळा घालणारी ही आयत. तिचा उपयोग बाईचेच तोंड बंद करायला करणे हा उलटा कारभार आहे. पाकिस्तानात झिया उल हक यांनी १९७९ मध्ये हुदूद कायदा आणला. बलात्काराला हदची शिक्षा द्यायची तर चार पुरुष साक्षीदार हवेत, आणि बलात्कार सिद्ध झाला नाही तर बाईचे गर्भारपण हाच तिच्याविरुद्ध पुरावा, असे तिथे घडले. साफिया बीबी या जवळजवळ आंधळ्या मुलीला १९८३ मध्ये खालच्या न्यायालयाने अशीच सजा दिली होती. २००६ मध्ये पाकिस्तानलाही तो कायदा बदलावा लागला. अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. पैगंबरांच्या काळात एक बाई नमाजला निघाली असताना वाटेत तिच्यावर बलात्कार झाला. तिने लोकांना सांगितले, लोक धावले, भलताच माणूस पकडला गेला. शेवटी खरा गुन्हेगार स्वतः पुढे आला. त्या बाईला 'जा, अल्लाहने तुला माफ केले आहे' असे सांगून पाठवण्यात आले. एकटी का बाहेर पडलीस, चार साक्षीदार कुठे आहेत, असे तिला विचारल्याची नोंद तिथे नाही. तिचे ऐकले गेले, आणि निरपराध माणूसही सुटला. दोन्ही एकाच वेळी होऊ शकते.

शेवटी मोहल्ल्याकडे येतो, कारण पहिले न्यायालय तेच असते. पुरावा न्यायालयात तयार होत नाही. तो पहिल्या चोवीस तासांत तयार होतो, किंवा नष्ट होतो. मुलगी घरी येऊन सांगते. आई तिला आधी आंघोळ घालते, कपडे धुऊन टाकते. बाप म्हणतो, बदनामी होईल. जमातीचे बुजुर्ग बसतात, मुलगा ओळखीचा, निकाह लावून द्या म्हणतात. दहा दिवसांनी कुणीतरी धीर करून ठाण्यात नेते, तेव्हा अंगावर खूण नसते, कपड्यांवर डाग नसतो. आणि मग वकील विचारतो, इतका उशीर का? त्या उशिराचे उत्तर मुलीकडे नसते, आपल्याकडे असते. आपण तो उशीर केलेला असतो.

बिल्किस बानोचा खटला आपण सगळे छातीला लावून मिरवतो. ३ मार्च २००२ ला गुजरातमध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, घरातली माणसे डोळ्यांदेखत मारली गेली. पोलिसांनी तिची तक्रार खरी लिहून घेतली नाही. खटला मुंबईला आला. जानेवारी २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप झाली. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि पुरावा बिघडवणाऱ्या पोलिसांना आणि डॉक्टरांनाही दोषी धरले. २०२२ मध्ये गुजरात सरकारने त्या अकरा जणांना सोडले, ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत तुरुंगात पाठवले. या सगळ्याच्या मुळाशी काय होते? एका बाईचा शब्द, आणि तिच्यामागे उभा राहिलेला तिचा नवरा. तिच्या साक्षीसाठी आपण दुजोरा मागितला नाही, कारण आरोपी दुसरे होते. आरोपी आपल्या गल्लीतला, आपल्या जमातीतला, आपल्या मदरशातला असेल तेव्हाही आपण तिचे असेच ऐकणार आहोत काय? खरी कसोटी तिथे आहे.

म्हणून जमातींकडे माझे मागणे साधे आहे. बलात्काराच्या तक्रारीत समझोता लावणे आजपासून बंद करा. मुलगी बोलली की तिला आंघोळीआधी, कपडे न धुता, सरकारी दवाखान्यात न्या. कायद्याने दवाखान्याला तिला मोफत उपचार द्यावेच लागतात, पोलीस कागद नाही म्हणून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घ्या आणि वाचा. तिने सांगितले तेच लिहिले आहे ना, पाहा. साक्षीच्या दिवशी तिच्यासोबत घरातले कुणीतरी जा. नागपूरच्या त्या मुलीला १९८१ पासून १९९० पर्यंत, नऊ वर्षे, आपला शब्द खरा ठरण्याची वाट पाहावी लागली. निदान पहिल्या दिवशी, पहिल्या माणसाने तिच्या शब्दावर विश्वास ठेवून तिला सोबत द्यावी, एवढे तरी आपल्या हातात आहे. न्यायाधीशांचा तराजू सरळ करण्याची मागणी आपण जरूर करू. पण ती करण्याचा अधिकार आधी आपल्या घरातला तराजू सरळ करूनच मिळेल.